कृपा म्हणजे उचल नव्हे

ख्रिस्तात प्रिय बाळा,

सलाम.

तुझं पत्र पोचलं. पुण्याहून शिकून आलास आणि पहिलीच नेमणूक नगर-बीडच्या शिवेवरच्या मंडळीत झाली. दिवाळी उरकली आणि निम्मी मंडळी ऊसतोडीला गेली. आता रविवारी बाकांवर म्हातारीकोतारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवून गेलेली नातवंडं. "मी उपदेश करू तरी कोणाला?" असं तू विचारतोस, आणि त्याच पत्रात खाली कृपेवर सहा रविवारांची उपदेशमाला कशी बेतावी हेही विचारतोस. मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत, म्हणून उत्तरही एकच लिहितो.

तुझ्या माणसांना कृपा समजवायची तर आधी त्यांची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, समजून घे. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे तोडणीची टोळी जमवणारा, दारात येतो. एका कोयत्यामागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे, लाखाच्या मागेपुढे रक्कम मोजतो. लेकीचं लग्न, सासूचा दवाखाना, घरावरचे पत्रे यांत ती दसऱ्याच्या आत संपूनही जाते. मग टोळी सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जाते आणि सगळा हंगाम ती रक्कम फेडत राहते. ताप आला, खाडा झाला, की दंड. बाळंतीण बाई लेकराला उसाच्या पाचटावर निजवून मोळ्या बांधते. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की हिशेब होतो, आणि पुष्कळांच्या नावावर काही ना काही बाकी निघतेच. ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर.

आता हाच माणूस घरी येतो आणि रविवारी तुझ्या तोंडून ऐकतो, की देवानं तुझ्यासाठी आपला एकुलता एक पुत्र दिला. त्याला काय वाटत असेल? मला इतकी वर्षं वाटत आलंय, की त्याला ही देवाची उचलच वाटते. फार मोठी रक्कम आगाऊ मिळाली, आता जन्मभर फेडायची. उपासना चुकली की खाडा. पोरगं आजारी पडलं की दंड. आणि मरताना हिशेब, त्यात बाकी निघणार हे ठरलेलं. असा माणूस देवाला भितो, त्याच्यापुढे वाकतो, पण त्याच्या जवळ कधी येत नाही. मुकादमाच्या जवळ कोण आपण होऊन जाऊन बसतं?

वाईट याचं वाटतं, की आपण पाळकच त्याच्या या समजुतीवर शिक्का मारतो. "देवानं तुमच्यासाठी एवढं केलं, तुम्ही त्याच्यासाठी काय केलं?" हे वाक्य मी शेकडो उपदेशांत ऐकलं असेल. तू ते तुझ्या तोंडी येऊ देऊ नको. आणि हल्ली मांडव घालून आरोग्यसभा भरवतात, दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, दे म्हणजे देव दामदुपटीनं देईल असं सांगतात, तोही तोच व्यवहार. फक्त त्यात उचल माणसानं देवाला द्यायची. तुझ्या मंडळीतले लोक तिकडे जातील. त्यांच्यावर रागावू नको. ज्याच्या पोराचा ताप उतरत नाही तो जिथे दिवा दिसेल तिथे जातो. मात्र परत आल्यावर त्यांना खरं काय ते सांग.

एक बाई माझ्या कायमच्या लक्षात राहिल्या आहेत. नवरा फडात साप चावून गेला होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्या ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बाजरीतले खडे वेचत बसल्या होत्या. बोट दाण्यांतून फिरत होतं, खडा सापडला की अंगणात टाकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाळकसाहेब, त्या दिवशी प्रार्थना न करताच फडात गेलो होतो. म्हणून झालं का?" मी म्हणालो, "नाही बाई. त्यासाठी नाही झालं." त्यांनी हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." त्या दिवशी मी शास्त्रपाठ वाचला नाही, दुःखाच्या अर्थाविषयी एक अक्षर बोललो नाही. त्या रडल्या, पुष्कळ वेळ रडल्या, आणि मी बसून राहिलो. अशा प्रश्नाला पाळकानं ठाम 'नाही' म्हणावं, ताबडतोब म्हणावं, आणि त्याला 'पण' जोडू नये. सेमिनरीत दुःखाच्या प्रश्नावर जे वाचलंस ते सगळं त्या 'नाही'च्या पाठीशी उभं कर. बाईंच्या पुढ्यात मांडू नको.

लूकचा पंधरावा अध्याय तुला पाठ असेल. तरी एकदा हळू वाच. बापाची मालमत्ता उडवून बसलेला उधळ्या पुत्र डुकरांपाशी बसून बापाला काय सांगायचं ते मनात जुळवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला आता लायक नाही, मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा. म्हणजे काम करीन, फेडीन. घरी पोचल्यावर तो बोलायला लागतो, पाप केलं म्हणतो, लायक नाही म्हणतो, आणि मजुरीची गोष्ट तोंडातून निघायच्या आत बाप नोकरांना हाक मारतो: झगा आणा, अंगठी आणा, पायांत जोडे घाला. ते मजुरीचं वाक्य मुलाच्या तोंडातच राहिलं. बापानं ते ऐकूनच घेतलं नाही. तुझ्या सहा रविवारांतला एक पुरा रविवार या न बोललेल्या वाक्यावर खर्च कर. ऊसतोड्या माणसाला ते कोणत्याही पंडितापेक्षा लवकर कळेल.

आणि "उपदेश करू कोणाला?" याचं उत्तर मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायला तासभर उरला असतानाही नाक्यावर जातो. तिथे उभी असलेली माणसं म्हणतात, आम्हांला कोणी कामाला लावलं नाही. दिवसभर कोण उरतं नाक्यावर? ज्याचा हात थरथरतो, जो पाय ओढत चालतो, ज्याच्याकडे पाहून मुकादम पुढे जातो. तुझ्या बाकांवर आज नेमकी तीच माणसं बसली आहेत, ज्यांना कोयता पेलत नाही. धन्यानं त्यांना पूर्ण रोज दिला. तेव्हा मंडळी निम्मी झाली असं मनात आणू नको.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. तुला आज ना उद्या कोणीतरी चारचौघांत ऐकवेल, की तुमचे पणजोबा दुष्काळात ज्वारीसाठी ख्रिस्ती झाले. असं ऐकलं की आपली तरुण पोरं चिडतात, नाहीतर खाली मान घालतात. तू दोन्ही करू नको. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ साली नगरला. कित्येक दशकं मंडळ्या लहानच होत्या. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि त्यानंतर या भागात महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं बाप्तिस्मा घ्यायला पुढे आली. त्यांत धान्य होतं, हे कशाला नाकारायचं? ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांना कोणीतरी पंगतीला बसवलं. येशूनं पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा आधी कोणाची श्रद्धा तपासली नव्हती. भुकेला माणूस भाकरीच्या वाटेनं देवाकडे आला, यात देवाला काही कमीपणा वाटला असेल असं मला वाटत नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये ठेवल्या, तेव्हाही पहिली गोष्ट अन्न हीच होती.

रमाबाईंचं आणखी एक सांगतो, कारण तुझ्या पत्रात एका जागी तू फार संकोचानं लिहिलंयस, की पाळकपदाचा अभिषेक झाला पण विश्वास कधीकधी कोरडा वाटतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी भेटला. एवढी विद्वान, एवढी धाडसी बाई, आणि तरी हे मोकळेपणानं सांगितलं. कोरडेपणा आला म्हणून उपासना सोडू नको, आणि ओलावा असल्याचं सोंगही आणू नको. कोरड्या दिवसांत स्तोत्रं मोठ्यानं वाच. त्यांत देवाशी भांडणारी पुष्कळ आहेत. ती मुद्दाम वाच.

घाई करू नको, दुसऱ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या त्याही आपलं सोवळं घेऊनच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, त्यांचं मन तिथवर आल्यावर. आणि पुढे त्या बाईंनी या मातीतल्या मंडळीला जे दिलं ते घाई करून मिळालं असतं का?

म्हणूनच तुझ्या मंडळीच्या रजिस्टराविषयी सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना तो मिळाला, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाही. तेव्हा तुला अशी घरं भेटतील जिथे बाप बाकावर बसून डोळे मिटून गातो, पण पोराच्या नर्सिंगच्या किंवा आयटीआयच्या प्रवेशासाठी दाखला लागणार म्हणून रजिस्टरात नाव घालू देत नाही. मंडळीचा कोणी पंच तुला म्हणेल, हे दुटप्पी लोक, यांना बाहेर काढा. तू काढू नको. ज्या कायद्यानं त्या बापाला या कोंडीत धरलं त्याच्याविषयी रास्त राग धर, त्याविरुद्ध बोलायची वेळ आली तर बोल. तुझ्याकडे कोणी पत्र मागितलं तर मात्र जे खरं आहे तेवढंच लिहून दे, एक शब्द खोटा नको. त्या बापाशी बोलताना एवढं लक्षात ठेव, की रात्री त्याला झोप लागत नसणार. त्याच्या घरी जा, चहा घे, पोराच्या अभ्यासाची चौकशी कर.

तू विचारशील, आणि पंचही विचारतील, की कृपा इतकी मोकळी केली तर लोक वाटेल तसे वागतील. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाकडे बघ. येशू त्याच्या घरी उतरायचं आधी ठरवतो, सगळं गाव कुरकुरतं, आणि मग जक्कय आपण होऊन उभा राहतो: अर्धं गरिबांना, लुबाडलं असेल त्याला चौपट. आधी घरी जाणं, मग हिशेब, आणि तो हिशेबही जक्कयानंच मांडला. दारू पिणाऱ्या, बायकोला मारणाऱ्या माणसाला हे सांगताना मात्र सावध राहा. मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर आणि नांद" असं कधीही सांगू नको. तिला आधी सुरक्षित जागी पोचव. नवऱ्यावर कृपा आहेच, पण ती त्या बाईच्या पाठीवरून वसूल करायची नसते.

कापणीच्या सणाचं थोडक्यात. उपासनेनंतर वेदीपाशी आणलेल्या जिनसांचा लिलाव होतो. कोणी भोपळा आणतं, कोणी कोंबडी, कोणी पायलीभर ज्वारी. नोकरीवाले पाचशे रुपयांना चार अंडी घेतात, हशा होतो, मंडळीला पैसे मिळतात, सगळं छान. फक्त कोणी किती दिलं याची यादी नावानिशी वाचून दाखवायची चाल तुझ्याकडे असेल तर ती मोड. यादी वाचली, की ज्यानं काही आणलं नाही तो पुढच्या रविवारी येत नाही.

आणि उपदेश वीस मिनिटांत आटोप. शनिवारी रात्री लिहायला बसू नको; गुरुवारी लिही, शुक्रवारी माणसांकडे जा, शनिवारी पुन्हा वाचून जे त्यांना ऐकवता येणार नाही ते खोड.

नाताळ झाला की तुझी टोळी जिथे आहे त्या कारखान्यावर जा. कुठली टोळी कुठे आहे ते म्हाताऱ्यांना विचार, त्यांच्याकडे फोन नंबर असतात. एसटीनं जा, संध्याकाळी पोच, कारण दिवसा सगळे फडात असतात आणि पहाटे उसाच्या गाड्या भरायला उठतात. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, बसताना डोकं लागेल, जपून. प्रभुभोजनाचं साहित्य बरोबर ने. दानाची थैली नेऊ नको, चुकूनसुद्धा नेऊ नको. इथून म्हाताऱ्यांचे निरोप आणि नातवंडांनी काढलेली चित्रं ने. तिथे शेजारच्या कोपीतली, आपली नसलेली माणसंही येऊन बसतील; भाकर मोडशील तेव्हा त्यांना उठवू नको. पंच त्यावर हरकत घेतील. घेऊ देत. बिशपसाहेबांना मी आधीच कळवून ठेवतो, आणि जाण्यायेण्याचा खर्च मंडळीच्या फंडातून निघत नसेल तर मला लिही.

तुझा,
प्रभूच्या सेवेतला एक जुना सहकारी