बोअरला कोमट पाणी लागलं, म्हणजे खाली भूऔष्णिक ऊर्जा (जमिनीच्या पोटातल्या उष्णतेची ऊर्जा) आहे का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या तुमच्या बोअरचं पाणी पहाटे कोमट लागतं, एवढ्यावरून घाई करू नका. खोलवरच्या पाण्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखंच असतं, म्हणून डिसेंबरात ते हाताला ऊन लागतं. आमच्याही बादलीवर पहाटे वाफ धरते आणि एप्रिलच्या दुपारी तेच पाणी गार! एकदा दुपारी थर्मामीटर घालून बघाच. उन्हवरे, तुरळ, राजवाडीचे खरे गरम झरे घाटाखाली कोकणात आहेत.

भूगर्भाचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर मिळतात. जास्तीची माहिती हवी असेल तर १० रुपये भरून माहिती अधिकारात त्यांच्याकडेच अर्ज टाका. केंद्राचं खातं आहे, हिंदीतला अर्ज चालतो, कन्नड लिहिता येत नाही म्हणून अडत नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.