‘इरावती’ हे नाव हल्ली कितपत ठेवतात? मुलीला ते जड जाईल का?

बिनधास्त ठेवा. माझं स्वतःचं नाव इरावती आहे आणि मला ते कधी जड गेलं नाही.

किती प्रचलित आहे, याचा खात्रीचा आकडा तुम्हाला मिळायचा नाही. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये बाळांच्या नावांची सरकारी यादी दरवर्षी निघते. आपल्याकडे जन्माची नोंद होते, पण कोणतं नाव किती जणांनी ठेवलं हे कुणी मोजून छापत नाही. नावांच्या वेबसाइटवर ‘लोकप्रियता’ म्हणून जे टक्के दाखवतात, त्यांच्यावर विसंबू नका. मी बघितलेलं सांगते. शाळेत, कॉलेजात मला दुसरी इरावती भेटली नाही. आता आमच्या सोसायटीत खाली कुणी ‘इरा’ अशी हाक मारली की दोन-तीन मुली वळून बघतात, पण त्या नुसत्या इरा. अख्खी इरावती अजून विरळाच. ‘घरी इराच म्हणू’ असं आधीच मनात असेल, तर सरळ इरा ठेवा, तेही चांगलं नाव आहे. इरावती ठेवणार असाल तर पूर्ण हाक मारायची तयारी ठेवा.

जुनाट म्हणाल, तर रियांश-कियांशपेक्षा जुनाट बरं. निदान या नावामागे काही आहे. पंजाबातल्या रावी नदीचं जुनं नाव इरावती. माझं नाव आजोबांनी ठेवलं ते ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्व्यांवरून. त्यांचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. वडील तिकडे नोकरीला होते, त्यांनी तिथल्या मोठ्या नदीचं नाव मुलीला दिलं. टिळक 1908 ते 1914 ज्या मंडालेला तुरुंगात होते, ते मंडालेही त्याच नदीच्या काठी. आजोबा टिळकभक्त, त्यामुळे त्यांना हे नाव दोन्हीकडून प्रिय. पत्रिकेत माझं अक्षर ‘वी’ आलं होतं, म्हणून आजीची कुरकुर होती. आजोबांनी नावरस नाव वीणा लिहून टाकलं आणि बारशाला आत्याकडून कानात इरावतीच म्हणवून घेतलं.

खरा प्रश्न आला लग्नात. आमच्या सासरी सुनेचं नाव बदलायची पद्धत. घरात आलो, संध्याकाळी लक्ष्मीपूजन. पितळी ताटात तांदूळ पसरलेले, नवऱ्याने त्यात अंगठीने नवीन नाव लिहायचं, मग पेढे वाटून ते सगळ्यांना सांगायचं. माझं नाव ‘मानसी’ ठरलं होतं. ठरवलं होतं चुलत सासूबाईंनी, नवऱ्याचं नाव ‘म’वरून आहे म्हणून. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि नवरा समजत होता की मला सांगून झालंय. त्याने ‘मा’ काढला तेव्हा मी म्हटलं, “मला नाव आहे.”

काकू म्हणाल्या, “अगं, नाव बदललं म्हणजे तू बदलतेस का? हे घ्यायला कुणाची जीभ वळत नाही. हाक मारायला सुटसुटीत नको?”

मी म्हटलं, “काकू, सत्यनारायण म्हणता येतं, तर इरावतीही येईल.”

सगळे गप्प झाले. गुरुजी समईची वात पुढे सारत बसले. मग नवऱ्याने तळहाताने तांदूळ सारखे केले आणि हळूच विचारलं, “पहिली ऱ्हस्व ना?” इ, रा, व नीट बसले. ‘ती’ला जागा उरली नव्हती, ती ताटाच्या काठाला चिकटली. पेढे वाटताना बायका विचारत होत्या, “काय ठेवलं नाव?” आणि काकू सांगत होत्या, “जुनंच.”

दुसऱ्या दिवशी आहेर उघडले. काकूंनी स्टीलची कळशी दिली होती. तिच्या गळ्याखाली मशीनने ठिपक्याठिपक्यांत नाव घातलेलं: सौ. मानसी, पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव आणि लग्नाची तारीख. म्हणजे भांड्यावर नाव घालून झालं तरी ज्या बाईचं ते नाव, तिला त्याचा पत्ता नाही! कळशी मी वापरते, भांडं चांगलं जाड आहे. पण काकू पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांसमोर मला मानसी म्हणत राहिल्या आणि मी एकदाही ओ दिली नाही. लोक मला उद्धट म्हणाले. म्हणू देत.

माझ्या सासूबाई त्या संध्याकाळी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं माहेरचं नाव मला फार उशिरा कळलं, तेही त्यांचा भाऊ आमच्याकडे राहायला आला तेव्हा. घरात दुसरं कुणी त्यांना त्या नावाने हाक मारत नव्हतं. ‘पद्धत’ म्हणतात ती ही.

काकूंचं म्हणणं असायचं की वेगळं नाव ही बापाची हौस, मुलीला त्याचा काच. मला हे साफ अमान्य आहे. मुलीला काच झाला तो तिला न विचारता नाव पुसायला निघालेल्यांचा. इरावती कर्वे करमरकरांच्या घरातून महर्षी कर्व्यांची सून होऊन आल्या. आडनाव बदललं, पण इरावती तशाच राहिल्या, आणि महाराष्ट्र त्यांना त्याच नावाने ओळखतो. लग्नात नाव बदलायची सक्ती कुठलाही कायदा करत नाही. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं असा नियम झाला आहे. तुमची मुलगी उद्या आई झाली तर तिचं नाव तिच्या बाळाच्या नावात जाईल. ते तिचं जन्माचंच असू दे. तिचं लग्न ठरवायला बसाल तेव्हा तांदळात काय लिहिणार आहात, हे बैठकीतच विचारून घ्या.

बाकी दोन-तीन गोष्टी. शाळेत ‘ऐरावत’ म्हणून चिडवतील. चिडवू देत, रामायणात ऐरावताच्या आईचं नाव इरावतीच आहे, हे तिला लहानपणीच सांगून ठेवा. आडनाव लांबलचक असेल तर फॉर्मच्या चौकोनांत दाटी होते, तेवढं मात्र आहे. घरात एकमत होत नसेल तर घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण दाखल्यावर नाव पहिल्या वर्षभरात शुल्क न भरता घालता येतं. आणि इंग्रजी स्पेलिंग व्ही की डब्ल्यू हे जन्मदाखल्यालाच ठरवा. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर व्ही आहे आणि आधारवर डब्ल्यू, त्यामुळे पासपोर्टच्या वेळी मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं.