जळगावचा जन्मदाखला काढू नका

प्रश्न : आम्ही सिंधी हिंदू, जळगावात कापडाचं दुकान आहे. बायको सिंधमधल्या घोटकीची, जन्म १९९१चा. २०१२ साली आईवडिलांसोबत व्हिसा घेऊन थर एक्सप्रेसने आली, नंतर आमचं लग्न झालं. तिचा लाँग टर्म व्हिसा आणि पाकिस्तानी पासपोर्ट, दोन्हींची मुदत संपलीय. एजंट म्हणतो, साठ हजार द्या, जळगावात जन्मल्याचा दाखला काढून देतो. त्यानंच मागे तिचं आधार आणि मतदार कार्ड काढून दिलंय. काय करू?

उत्तर : भाऊ, साठ हजार खिशातच ठेवा. तुमचा एजंट कायद्यातही कच्चा आहे. १ जुलै १९८७ नंतर भारतात नुसतं जन्मून कुणी नागरिक होत नाही. आई किंवा वडील भारतीय लागतात. वहिनींचे दोघेही पाकिस्तानचे. म्हणजे दाखला खरा असता तरी फायदा शून्य. आणि खोटा निघाला तर न्याय संहितेच्या कलम ३३७ खाली सात वर्षांपर्यंत कैद, त्यात तुम्हीही गुंतणार. मालेगावच्या बोगस जन्मदाखल्यांच्या प्रकरणानंतर उशिराच्या जन्मनोंदी राज्यभर उकरून तपासल्या जाताहेत, हे एजंटानं सांगितलं नसेलच.

खरं नुकसान तर वेगळंच आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ६ब नुसार ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंना नागरिकत्व मागता येतं, आणि मिळालं की ते भारतात आल्याच्या तारखेपासून धरलं जातं. वहिनी त्यात सरळ बसतात. जन्म जळगावचा म्हटलात की सिंधहून आल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच्या हातानं फाडला.

तो जुना हिरवा पासपोर्ट शोधा. मुनाबावचा, म्हणजे थर एक्सप्रेसच्या भारतातल्या सीमा स्थानकाचा, २०१२चा शिक्का असलेलं पान आणि व्हिसाचं पान, दोन्हींच्या प्रती काढा. पासपोर्टची मुदत संपली असली तरी या अर्जाला चालतो. अर्ज ऑनलाइन, भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून. पुढची जिल्हा समिती टपाल खात्याच्या अधीक्षकांची असते, म्हणून पोलिसांच्या धाकानं अर्ज अडवू नका. शपथही तिथेच.

मुदत संपल्याची भीती रास्त आहे, पण १ सप्टेंबर २०२५च्या केंद्राच्या आदेशानं २०२४ अखेरपर्यंत आलेल्या अशा अल्पसंख्याकांना मुदतबाह्य कागदांसाठीच्या शिक्षेतून सूट दिलीय.

आधारची चिंता नको, लाँग टर्म व्हिसावाल्यांना ते मिळतं; फक्त ते नागरिकत्वाचा पुरावा नाही. मतदार कार्डाचं मात्र अवघड आहे. खोट्या घोषणेवर नाव नोंदवणं हा गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. वहिनींनी मतदानाला जाऊ नये. फॉर्म ७ भरून नाव काढायचंच आहे, पण एकट्यानं नको. सही कुणी केली, कुणी काय सांगितलं, हे आधी वकिलाला सगळं सांगा.

एसपी ऑफिसच्या परकीय नागरिक शाखेत व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज याच आठवड्यात द्या आणि शिक्क्याची, तारखेची पोच घ्या. ‘साहेबांना भेटून आलो’ याला कोर्टात किंमत नाही.