घरापासून किती अंतरावर शिकार चालेल, हा प्रश्नच इथं लागू नाही

मागाहून वाचणाऱ्यांसाठी मूळ प्रश्न थोडक्यात सांगतो. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या बाजूला पंचगंगेकाठच्या नव्या सोसायटीत राहणाऱ्या आपल्या एका सदस्यांना हिवाळ्यात भल्या सकाळी पात्राकडून एअरगनचे आवाज येतात. पोरं बदकं आणि पाणकोंबड्या टिपतात. हटकलं तर "घरापासून लांबच आहे की" असं उत्तर मिळतं. त्यात त्यांच्या अमेरिकेतल्या मेहुण्यांनी सांगितलं, की तिकडे घरांसमोरच्या तळ्यात होडीत बसून बदकं मारतात आणि ते कायदेशीर असतं. मग आपल्याकडेही ठरावीक अंतर ठेवून परवानगी का नसावी, असा प्रश्न.

आधी सरळ उत्तर. आपल्याकडे अशी परवानगी कुणी देऊच शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ९: अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतल्या, कुठल्याही वन्यप्राण्याची शिकार करायची नाही. त्यात पक्षी आले. घरापासून शंभर मीटर की दोन किलोमीटर, हे त्या कलमात कुठंही नाही. बहुतेक रानबदकं पूर्वी चौथ्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्या नव्यानं लावल्या, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आता ती दुसऱ्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका झाला तर, तेही अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानं. रविवारची हौस त्यात बसत नाही.

आणि ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासे, जाळी, विष, आमिष, हाकून कोंडीत पकडणं, सगळं त्या व्याख्येत येतं. मारायचा नुसता प्रयत्नही येतो. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं, घरट्याला हात लावणंसुद्धा. त्यामुळे "नेम लागलाच नाही, मग कसली शिकार" हा युक्तिवाद पोरांनी घरीच ठेवावा.

खाली एकानं लिहिलंय, की शाहूंच्या नगरीत शिकारीला बंदी म्हणजे परंपरेचा अपमान. शिकार इथं होतीच, नाकारतंय कोण? पाळलेल्या चित्त्यांकडून हरणं धरण्यासाठी कोल्हापूर दरबार प्रसिद्ध होता. पण संस्थानी शिकार म्हणजे राखीव रान. दाजीपूरचं जंगल महाराजांच्या शिकारीसाठी राखलेलं, तिथं कुणीही उठून बार काढू शकत नव्हतं. त्याच दाजीपूरला १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. परंपरेचा धागा पकडायचाच असेल तर तो राखण्याचाही आहे. भोगावती त्याच रानातून येते आणि पुढं तुमच्या गॅलरीसमोरून पंचगंगा होऊन वाहते.

जुनी माणसं "आम्ही लायसन काढून बदकं मारलीत" म्हणतात तेही खोटं नाही. १९७२ च्या कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली.

आता अमेरिका. १९९१ हे साल तिकडेही महत्त्वाचं आहे, कारण त्याच वर्षापासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले. तुमच्या मेहुण्यांनी फक्त शेवटचं दृश्य सांगितलं, होडी आणि बदक. त्यामागचा पसारा सांगितला नाही. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा, त्याखाली दरवर्षी ठरणारा हंगाम, माणशी दिवसाला किती पक्षी याची मर्यादा (बदकांची साधारण सहा), बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक शिकाऱ्याला राज्याच्या परवान्याशिवाय ‘डक स्टॅम्प’ घ्यावा लागतो. १९३४ पासूनची ही पद्धत, किंमत सध्या २५ डॉलर, आणि जवळपास सगळा पैसा पाणथळ जागा विकत घेण्यात आणि राखण्यात जातो. प्रजननाच्या काळात विमानातून पक्ष्यांची मोजणी होते आणि त्यावर पुढचा हंगाम ठरतो. पाण्यावर वॉर्डन येऊन पिशवी उघडून बघतो.

एवढं सगळं झाल्यावर मग घरापासूनच्या अंतराचा नियम येतो, तोही राज्याराज्यात वेगळा. पेनसिल्व्हेनियात राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे १३७ मीटर, घरच्यांच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. तरीही तिकडे भांडणं होतातच. तळं जुनं, शिकारी जुने, काठावरची घरं नवी. पाणी सगळ्यांचं आणि काठ खासगी. (आपल्याकडे काठावरची घरं नवी असण्यावरून वेगळंच भांडण निघतं, पण पूररेषेचा विषय इथं नको. २०१९ चा महापूर सगळ्यांना आठवतोय.)

म्हणजे तिकडची सगळी यंत्रणा सोडून फक्त अंतराचा नियम उचलून आणायचा, असं सुचवलं जातंय. मोजणी नाही, हंगाम नाही, पिशवी बघणारा माणूस नाही. राहतं काय, तर पोरं आणि एअरगन.

सुरक्षेपुरतं बोलायचं तरी पंचगंगेवर हे अंतर निरर्थक आहे. चपटा दगड तिरका फेकला की टप्पे घेत जातो, तसाच पाण्यावर बसलेल्या पक्ष्यावर कमी कोनातून मारलेला छर्रा पाण्यावरून उसळतो आणि कुठल्या दिशेनं जाईल सांगता येत नाही. एअरगनचा छर्रा सुद्धा नेमाच्या पल्ल्यापलीकडे बराच लांब जातो. जवळून डोळ्याला लागला तर डोळा जाणारच. आणि आपली नदी सकाळी कधी रिकामी असते का? म्हशी पाण्यात, धुणं घाटावर, पोहणारे, काठाकाठानं फिरायला आलेली म्हातारी माणसं, केंदाळाच्या कडेला जाळं लावून बसलेले भोई. नळी कुठल्याही बाजूला धरा, समोर कोणीतरी आहेच. साध्या एअरगनला परवाना लागत नाही हे खरं, पण त्यातून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे. वन्यजीव कायद्याला तर हत्यार कुठलं याच्याशी देणंघेणंच नाही. गलोलीनं मारलं तरी गुन्हा तोच.

शिशाबद्दल फार कमी लोक बोलतात, म्हणून जरा सविस्तर. बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत त्या खड्यांनी दाणे दळतं. चिखलात पडलेला छर्रा त्याला खड्यासारखाच दिसतो. तो आत गेला की दळला जातो, शिसं रक्तात उतरतं, पंख लुळे पडतात, पक्षी खंगून मरतो. म्हणजे नेम चुकलेला छर्रा वाया जात नाही, पुढच्या हंगामात दुसऱ्याच पक्ष्याला मारतो. अमेरिकेनं शिसं बंद केलं ते याचमुळे. आपल्या एअरगनमध्ये आजही बहुतेक शिशाचेच छर्रे असतात, आणि मारलेला पक्षी घरी नेऊन रस्सा केला तर ते ताटातही येतं.

"आम्ही तांबडा-पांढरा ओरपणारी माणसं, आम्हाला बदकाचं काय सांगता" असंही एकानं लिहिलंय. मीही ओरपतो. पण बकरं कुणीतरी पाळलेलं असतं, त्याचे पैसे मोजलेले असतात. नदीवरचं बदक पाळलेलं नाही आणि बऱ्याचदा इथलंही नाही. थापट्या, भुवई बदक ही मंडळी हिवाळ्यापुरती मध्य आशिया-सायबेरियाकडून येतात. हळदीकुंकू बदक, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी ही इथलीच, बारमाही. ती रंकाळा, कळंबा, राजाराम तलावावर माणसांच्या इतकी जवळ दिसतात, कारण तिथं त्यांना कुणी मारत नाही. बार वाजायला लागले की पक्षी ती जागा सोडतात, आणि फक्त मारलेलेच नाही, सगळेच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. काही सदस्यांनी गळ टाकणारे आणि जाळी लावणारे यांनाही शिकारी ठरवलंय. ते चूक आहे. चिलापी, वाम, रोहू, मरळ हे मासे या कायद्याच्या यादीत नाहीत आणि मासेमारी हा भोई समाजाचा पिढीजात धंदा आहे. माशांच्या बाबतीत गुन्हा आहे तो जिलेटिन उडवणं आणि पाण्यात विष कालवणं. त्याला तर १८९७ पासून मत्स्य कायद्यात बंदी आहे. तसंच शिकार म्हटलं की न बघता एखाद्या भटक्या जमातीकडे बोट दाखवायची खोड सोडा. तुमच्या वर्णनातली पोरं मोटारसायकलवरून येतात आणि त्यांच्याकडे महागड्या एअरगन आहेत, एवढं तुम्हीच लिहिलंय.

आता करायचं काय. स्वतः जाऊन बंदूक हिसकावू नका, हातात एअरगन असलेल्या पोराशी वाद घालण्यात अर्थ नाही. गॅलरीतून व्हिडिओ घ्या, वेळ आणि गाडीचा नंबर दिसू द्या. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, तिथं तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. तेवढ्यात गोळीबार चालू असेल तर ११२. मेलेला पक्षी सापडला तर उचलून घरी नेऊ नका, त्याचा फोटो काढा आणि जागेवर राहू द्या. तो कायद्यानं सरकारी मालमत्ता आहे, त्यासाठी वापरलेलं हत्यार आणि वाहनही जप्त होऊ शकतं. मोटारसायकल जाईल म्हटल्यावर पोरांच्या घरचे जितक्या लवकर ऐकतात, तितकं दुसऱ्या कशानं ऐकत नाहीत.

सोसायटीतर्फे काठावर बोर्ड लावायचं चाललंय असं दिसतं. नुसतं ‘पक्षी वाचवा’ लिहू नका, त्यानं कुणी थांबत नाही. कलम ९, शिक्षा आणि १९२६ हा नंबर मोठ्या अक्षरात टाका. आणि खाली एक ओळ घाला, की गळानं-जाळ्यानं मासे धरणाऱ्यांना हे लागू नाही. नाहीतर पहिल्याच आठवड्यात तुमचं भांडण भोयांशी जुंपेल आणि एअरगनवाले बाजूला उभे राहून बघतील.