वाय-फाय म्हणजे 'वायरलेस फिडेलिटी' का?

नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हा फुलफॉर्म छापलेला सापडतो खरा, पण वाय-फाय हे कशाचंच लघुरूप नाही.

1999 साली या तंत्रज्ञानाच्या मानकाचं नाव होतं 'आयईईई 802.11बी'. ते दुकानात कोण मागणार? म्हणून कंपन्यांच्या संघटनेने इंटरब्रँड या नावं सुचवणाऱ्या संस्थेला गाठलं. तिने दिलेल्या नावांतून वाय-फाय निवडलं गेलं, कारण ते 'हाय-फाय'शी यमक जुळवतं. हाय-फाय मात्र खरोखरच 'हाय फिडेलिटी'वरून आलंय, म्हणजे मूळ आवाजाशी इमान राखणारी ध्वनियंत्रणा. रेडिओलहरींवरून डेटा पाठवण्यात कसलं आलंय इमान!

गोंधळ संघटनेनेच घातला. बिनअर्थाचं नाव काही सदस्यांना पटेना, म्हणून त्याखाली 'द स्टँडर्ड फॉर वायरलेस फिडेलिटी' अशी ओळ चिकटवली. संस्थापक सदस्य फिल बेलँजर यांनी 2005 मध्ये सांगून टाकलं की ही ओळ मागाहून जोडलेली आणि निरर्थक होती. ती काढून टाकली गेली, पण तोवर लोकांच्या डोक्यात पक्की बसली होती.

परीक्षेत प्रश्न आलाच तर पर्याय बघून काय ते ठरवा.