वाचकांचे प्रश्न : रबारी भरतकाम

प्रश्न : आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतात मेंढ्या बसवण्यासाठी कच्छचे रबारी मेंढपाळ येतात. त्यांच्या बायकांच्या अंगावर भरतकाम फारसे दिसत नाही. पुण्याच्या प्रदर्शनांत मात्र ‘रबारी भरतकाम’ म्हणून पिशव्या आणि उशांचे अभ्रे सर्रास विकले जातात. असे का? शिवाय हाताचे काम कसे ओळखावे?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : कच्छमधील रबाऱ्यांच्या कच्छी, ढेबरिया आणि वागडिया अशा तीन शाखा आहेत. त्यांपैकी ढेबरियांमध्ये मुलीने सासरी न्यायचे घागरे, चोळ्या, पिशव्या स्वतः भरण्याची रीत होती. हे सारे पुरे होईपर्यंत लग्न झालेली मुलगीही माहेरीच राहत असे, आणि सासरच्या अपेक्षा वाढत गेल्या तसा हा काळही लांबत गेला. म्हणून 1995 मध्ये समाजाच्या वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या वापरासाठीच्या भरतकामावर बंदी घातली. (सुई बायकांच्या हातातली, निर्णय मात्र पंचांचा!) विक्रीसाठीचे काम या बंदीत येत नव्हते. आपल्याकडे येणारी कुटुंबे याच शाखेची असतील, तर आपण पाहिलेल्या विसंगतीचा उलगडा बराचसा येथेच होतो. बंदीनंतर बायकांनी तयार फिती आणि लेस शिलाई यंत्राने कपड्यांवर बसवायला सुरुवात केली. त्या कामाला ‘हरी-जरी’ म्हणतात, आणि कच्छमधल्या भद्रोई गावच्या कारागीर पाबीबेन रबारी यांच्या प्रसिद्ध पिशव्या त्यातूनच घडल्या.

आता ओळखीविषयी. रबारी कामात आकृतीची बाह्यरेषा आधी साखळी टाक्याने काढतात आणि मग आरसे व बारीक टाके रंगांच्या ठरावीक क्रमाने भरत जातात. आरसे केवळ गोल नसतात. चौकोनी, त्रिकोणी, शंकरपाळ्याच्या, इतकेच नव्हे तर चोचीच्या आकाराचेही असतात. चोळीच्या आणि पुरुषांच्या केडियाच्या (आखूड, घेरदार अंगरख्याच्या) शिवणीवर घातलेली ‘बखिया’, म्हणजे नक्षीदार उलटी टीप, ही या कामाची खास खूण असून नकला करणारे तिच्या वाटेला सहसा जात नाहीत.

कापड उलटे करून पाहावे. हाताच्या साखळीच्या मागे आखूड टाक्यांची, जराशी कमीजास्त लांबीची रेघ दिसते आणि जागोजागी दोरा संपवल्याच्या गाठी असतात. यंत्राच्या भरतकामात मागे बहुधा बॉबिनचा वेगळा दोरा एकसारखा धावलेला दिसतो. आरशाला बोट लावावे : खरी काच गार लागते, आणि तिच्यावरून आडवे-उभे दोरे ताणून, त्यांत टाके गुंफून तिची कड झाकलेली असते. डिंकाने चिकटवलेल्या चकतीभोवती तयार कडे असेल, तर पैसे देऊ नयेत.

हाताचे काम म्हणजे जुने काम असेही नव्हे. विक्रेता एखादा नवाकोरा तुकडा ढेबरिया मुलीच्या हुंड्यातला म्हणून दाखवू लागला, तर त्याला 1995 च्या बंदीची आठवण करून द्यावी.