कॅथलिक नर्सने गर्भपाताच्या केसला उभं राहायला नकार दिला तर नोकरी जाते का? राजीनामा द्यावा का?

सांगलीत मॅटर्निटीला नवीन लागलीयस, एमटीपीच्या, म्हणजे गर्भपाताच्या, केसला उभं राहायचं नाहीये आणि चर्चमधले लोक राजीनामा दे म्हणतायत, असं लिहिलंयस. अजिबात देऊ नकोस. हा सल्ला देणारी माणसं मी चांगली ओळखते, त्यातलं एक आमच्याच घरात आहे.

मी पण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली नर्स, इथेच एका खासगी मॅटर्निटीत बरीच वर्षं काढली. जॉइन होतानाच मॅडमना लिहून दिलेलं की एमटीपीला आणि टीएलला (बाईच्या नसबंदीला) मी हत्यारांची ट्रॉली लावणार नाही, बाकी कुठलीही ड्युटी द्या. मॅडम म्हणाल्या, पगार घेताना बरा धर्म आठवत नाही. पण कागद फाइलला लावला. त्याच्या बदल्यात दिवाळीची नाइट कायम माझ्याच गळ्यात, तीही मी मुकाट्याने केली कारण माझी केस दुसरी कोणीतरी सिस्टर घेतच होती ना.

तर एका रात्री जतकडची एक बाई आली, तिसरा महिना, आपोआपच पडलेलं पण अर्धवट, ब्लीडिंग थांबेना, बीपी खाली खाली चाललेलं आणि आमची ज्युनिअर सिस्टर निघाली वरच्या मजल्यावर दुसरं कोणी शोधायला, का तर मी क्युरेटिंगला, म्हणजे पिशवी साफ करायला, येणार नाही म्हणून! म्हटलं अगं सोनोग्राफीत ठोके नाहीतच, आता बाई वाचवायची का माझ्या कागदाची पूजा करायची? ट्रॉली मी लावली, रक्त चढवलं, सकाळपर्यंत तिच्या उशाशी होते.

रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) झाल्यावर मी ही गोष्ट घरी सहज बोलून गेले तर आमचे भावोजी सगळ्यांसमोर म्हणतात, म्हणजे शेवटी केलंसच की! मेडिकलमधलं ओ की ठो कळत नाही. अहो, चर्चची मनाई आहे ती जिवंत गर्भ मुद्दाम मारायला, आधीच गेलेल्या गर्भानंतर पिशवी साफ करणं म्हणजे गर्भपात नव्हे. गर्भ नळीत राहिला आणि नळी फुटायला आली तर ती नळी काढणंसुद्धा कॅथलिक नीतीत बसतं, कारण उपचार त्या बिघडलेल्या नळीवर असतो. फादरनी दोन मिनिटांत हेच सांगितलं, भावोजींना आजही पटलेलं नाही. त्यांची पेन्शन चालू आहे, नोकरी सोड म्हणायला त्यांचं काय जातंय.

आणि सगळ्या चांगल्या नर्सेसनी भावोजींचं ऐकून घरी बसायचं तर ऑपरेशन थिएटरात राहणार कोण? मार्च २०१७ मध्ये आपल्या मिरज तालुक्यातच, म्हैसाळला, ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेही एक बाई गर्भपातात दगावली म्हणून पोलिसांपर्यंत गेलं. तिथे 'मी हे करणार नाही' म्हणायला कॅथलिक असायची गरज नव्हती.

कायद्याचं विचारलंस तर एमटीपी कायदा १९७१ चा, २०२१ ला सुधारला, पण नर्सला धर्माच्या कारणाने नाही म्हणायचा हक्क त्यात कुठे लिहिलेला नाही. म्हणजे सगळं मालकाच्या मर्जीवर, नोकरी जाणारच नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून आत्ताच लेखी दे, ऐन टेबलावर पेशंट असताना नको. आणि केस झाल्यावर त्या बाईचं बीपी, पॅड, ताप बघणं ही तुझी ड्युटीच आहे, त्यात पाप नाही, तिला प्रवचन देऊ नकोस, तोंड वाकडं तर अजिबात करू नकोस.

हां, हे सगळं नर्सपुरतं. तुझी मैत्रीण एमबीबीएस आहे म्हणतेस, तिचं वेगळं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरला, वैद्यकीय गरज असेल तर, निव्वळ धर्माच्या कारणावरून गर्भपात किंवा नसबंदी नाकारता येत नाही, ते काम आपल्याला जमत नाही असं वाटत असेल तरच सूट आहे. तिने गायनॅकला जायच्या आधीच विचार करावा.